धरा, दहा मोजा, सोडा

महालिंगप्पांनी हसणं बंद केलं, त्याला पाच महिने होत आले होते. बंद म्हणजे कडकडीत बंद. संध्याकाळी कट्ट्यावर कुणी गंमत सांगायला तोंड उघडलं की महालिंगप्पा उठून उभे राहायचे, दूर कुठंतरी बघायचे आणि "पाऊस काय म्हणतोय यंदा?" असं विचारून सगळ्या रंगाचा बेरंग करायचे. हा तोच माणूस, ज्याच्या हसण्यानं पूर्वी कचेरीतले वरच्या मजल्यावरचे साहेब खाली शिपाई पाठवून विचारायचे, काय झालं म्हणून. अशा माणसावर हसू दाबायची वेळ यावी? पण आली खरी, आणि कारण एकदम साधं होतं. हसलं की गळायचं.

आता यात लाजण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला! पांढरा लेंगा घालून चारचौघांत बसायचं होतं ते महालिंगप्पांना. प्रोस्टेट म्हणून एक ग्रंथी असते पुरुषाला, लघवीच्या पिशवीच्या खाली, अक्रोडाएवढी. महालिंगप्पांची ग्रंथी चौसष्ट वर्षं मुकाट बसून होती. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन माणूस जरा कुठं निवांत झाला, तशी तिला काय अवदसा आठवली कोण जाणे, तिच्यात कॅन्सर निघाला. सोलापूरला ऑपरेशन झालं. ग्रंथी गेली, कॅन्सरही गेला, पण जाताना नळाचा वायसर घेऊन गेला. खोकलं की थेंब, शिंकलं की थेंब, आणि हसलं तर विचारूच नका.

कॉलनीत मात्र 'हर्निया' जाहीर केला होता. त्यालाही कारण होतं. महालिंगप्पांची धाकटी लेक शिवानी, कॉलेजात फिजिक्स शिकवायची, सव्वीस वर्षांची, तिचं बघणं चालू होतं. आणि सोयरिकीत कॅन्सर हा शब्द निघाला की समोरची मंडळी चहा अर्धा ठेवून उठतात, हे महालिंगप्पांनी स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा बघितलं होतं. एकदा तर उठणाऱ्यांत ते स्वतः होते. ती गोष्ट त्यांना आता रात्रंदिवस टोचायची. म्हणून पोरीचं ठरेपर्यंत हा शब्द उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, असं त्यांनी बायकोला, म्हणजे कमलबाईंना, देवासमोर उभं करून बजावलं होतं.

"अप्पा, सांगून टाका की सरळ," शिवानी म्हणायची. "ज्यांना चालत नाही, त्यांच्या घरात मला तरी कुठं जायचंय?"

"तू गप बस. तुला फिजिक्स कळतं. सोयरीक कळत न्हाय."

पण हर्निया जाहीर करणं सोपं, निभावणं अवघड. शेजारी कृष्णराज गुरुजी राहायचे. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा स्वतःचा हर्निया झालेला, त्यामुळं या विषयातला शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूचा?" महालिंगप्पा म्हणाले, डाव्या. चार दिवसांनी परत विचारलं, तेव्हा घाईत तोंडातून गेलं, उजव्या. झालं! दोन्हीकडचा हर्निया म्हणून कॉलनीत बोभाटा. मग महालिंगप्पांच्या हातात कोथिंबिरीची जुडी दिसली तरी कुणीतरी धावत यायचं आणि हिसकावून घ्यायचं. एकदा तर स्वतःच्या छत्रीसाठी त्यांना दोन माणसांशी झटापट करावी लागली.

अशात डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम करा, वायसर पुन्हा बसेल. आठवड्यातून तीनदा सोलापूरला या. महालिंगप्पांनी एकदा जाऊन बघितलं. धाराशिव ते सोलापूर एसटीचे धक्के खात गेलं की व्यायामानं जे कमवायचं ते वाटेतच सांडायचं. तेव्हा दवाखान्यातल्या राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, "काका, येऊच नका. आमचा मोबाईलवरचा गट आहे. तुमच्यासारखेच सगळे. घरी बसून करायचं, एकमेकांना बघत करायचं." मॅडम तीस-बत्तीसच्या. व्यायाम शिकवणाऱ्या. बोलायला गोड, पण सोडायच्या नाहीत.

गटात घेण्याआधी एक संमतिपत्र होतं. त्यावर घराबाहेरच्या साक्षीदाराची सही पाहिजे. आणि वर ठळक अक्षरात छापलेलं, 'प्रोस्टेट कॅन्सरनंतरचा व्यायाम गट'. आली का पंचाईत! महालिंगप्पांनी कागदाची घडी अशी घातली की फक्त सहीची जागा दिसावी, आणि गेले गुरुजींकडं. पण गुरुजी पडले मुख्याध्यापक. न वाचता त्यांनी स्वतःच्या लग्नपत्रिकेवरही नाव घालू दिलं नसतं. "उघडा घडी," म्हणाले आणि शुद्धलेखन तपासायला लाल पेन काढलं. महालिंगप्पा कागद घेऊन उलट्या पावली परत. शेवटी त्यांना आपली जुनी कचेरी आठवली. तीस वर्षं अव्वल कारकुनी केलेली. कुठला साहेब सही करताना कागदाकडं बघत नाही, हे त्यांना पाठ होतं. सहीला निघालेल्या पंधरा फायलींच्या मधे संमतिपत्र सरकवलं आणि दोन मिनिटांत सही, शिक्का आणि वर 'तपासले' असा शेरासुद्धा मिळाला.

गट सुरू झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहा. मोबाईलच्या पडद्यावर सहा चौकोन. एकात सोनारीचे लिंबाजी. शेतकरी माणूस. घरात नेट येत नाही म्हणून शेतातल्या लिंबाच्या फांदीला मोबाईल बांधून खाली बसायचे, त्यामुळं वर्गाला त्यांचा चेहरा कमी आणि त्यांची म्हैस जास्त दिसायची. दुसऱ्यात येरमाळ्याचे इंद्रजित. हमरस्त्यावर त्यांचं भजी-चहाचं हॉटेल. गिऱ्हाइकांपासून लपून ते कोठीच्या खोलीत कांद्याच्या पोत्यांमधे तेलाच्या डब्यावर बसायचे. आणखी दोघं लातूरकडचे होते, पण ते चेहरा दाखवायचेच नाहीत. नुसता काळा चौकोन आणि त्यातून कण्हल्याचा आवाज.

व्यायाम तरी काय? खुर्चीत ताठ बसायचं. गुडघ्यांमधे उशी धरून दाबायची. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. आणि मधेमधे मुख्य काम. "वारा अडवल्यासारखं आणि लघवी अडवल्यासारखं, दोन्ही एकदम," मॅडम सांगायच्या. "धरा... दहा मोजा... सोडा."

"मॅडम," लिंबाजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "धरायचं ध्यानात आलं. पर सोडा म्हणताव तवा कितपत सोडायचं? हितं बाया खुरपायला येत्यात."

महालिंगप्पा सोडून सगळे हसले. महालिंगप्पांनी कॅलेंडर वाचलं.

त्यांनी व्यायामाची एक नोंदवही घातली होती. रकाने आखून. दिनांक, किती वेळा धरले, किती वेळा सोडले, शेरा. शेऱ्यात 'समाधानकारक', 'सुधारणेस वाव', आणि एकदा नुसतंच 'अरेरे' असं लिहिलेलं होतं. त्या दिवशी घरात मांजर खिडकीच्या पडद्यावर चढलं होतं.

एका बुधवारी कृष्णराज गुरुजी पेपर मागायला आले आणि त्यांनी खिडकीतून बघितलं. महालिंगप्पा ताठ बसलेले. डोळे मिटलेले. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, अंग निश्चल. मोबाईलमधून एका बाईचा शांत आवाज, "धरा... आत ओढून धरा... आता हळूहळू सोडून द्या." दहा-दहा मिनिटं हा माणूस हललाच नाही. गुरुजी पेपर न घेताच परतले आणि बायकोला म्हणाले, "अगं, महालिंगप्पा फार पुढं गेलाय! प्राण वर ओढून धरतोय. उगीच का पाच महिने हसला नाही? संसारातून मनच उठलंय त्याचं."

मग काय विचारता! कट्ट्यावर महालिंगप्पा आले की लोक जागा करून देऊ लागले. त्यांनी पावसाचं विचारलं की त्यात काहीतरी गूढ अर्थ असणार म्हणून दोघं-तिघं विचारात पडायचे. एका बाईनं नातवाला आणून पायावर घातलं. महालिंगप्पा खाली वाकले, वाकताना थेंब आला, चेहरा कसनुसा झाला, तर ती बाई म्हणाली, "बघा, डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या!" कमलबाई आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसून आल्या. महालिंगप्पांना तीही सोय नव्हती.

आणि याच भानगडीतून सोयरीक चालून आली. गुरुजींच्या ओळखीत उमरग्याचे महांतप्पा म्हणून मोठे आडत व्यापारी होते, बहात्तर वर्षांचे, घरात शब्द त्यांचा. त्यांचा नातू नंदीश, इंजिनिअर, देखणा, निर्व्यसनी. गुरुजींनी तिकडं कळवलं की मुलगी तर सोन्यासारखी आहेच, पण बाप म्हणजे साक्षात सिद्धपुरुष. त्या घरात साधना केल्याशिवाय कशाला सुरुवात होत नाही. महांतप्पांनी लगेच निरोप पाठवला: मला प्रवास सोसत नाही, तवा आधी मोबाईलवर बघून घेऊ, पसंत पडलं तर पुढचं. येत्या रविवारी संध्याकाळी पाच, अशी वेळ महालिंगप्पांनी ठरवून कळवली.

महालिंगप्पा हरखले आणि हादरलेही. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. आणि शिवानीनं फोटो बघून "बरा दिसतोय" असं म्हटलं होतं, जे तिनं यापूर्वी फक्त एका प्रयोगशाळेबद्दल म्हटलं होतं. आता एकच काळजी. हे ठरेपर्यंत ना शब्द बाहेर पडला पाहिजे, ना थेंब.

शिवानीनं बघण्याच्या कार्यक्रमाची लिंक करून दिली. पाठवायची मात्र वडीलधाऱ्यांनी, म्हणून तो मान महालिंगप्पांचा. त्यांनी साधा निरोप पाठवला असता तर ते महालिंगप्पा कसले? 'विषय: चि. सौ. कां. शिवानी हिच्या दर्शन कार्यक्रमाबाबत. संदर्भ: आपला दूरध्वनी. महोदय, उपरोक्त विषयान्वये सोबत लिंक जोडली आहे, कृपया पुढील कार्यवाही व्हावी.' मसुदा तीनदा सुधारला. 'दर्शन' हा शब्द योग्य की 'अवलोकन', यावर कमलबाईंशी अर्धा तास वाद घातला. आणि या सगळ्या सोपस्कारात जोडपत्र चुकलं. त्याच सकाळी राजेश्वरी मॅडमनी व्यायामाची नवी लिंक पाठवली होती: या रविवारी दुपारी चारला जादा वर्ग आहे, उमरग्याकडचे एक नवीन काका येणार आहेत, सगळ्यांनी या. दोन्ही लिंका निळ्या, दोन्ही लांबलचक, दोन्हीत काही वाचता येण्यासारखं नाही. तीस वर्षांत ज्यानं एकही जोडपत्र चुकवलं नाही, त्यानं लेकीच्या सोयरिकीत चुकवलं.

तरीही निभावलं असतं. महांतप्पा पाचला त्या लिंकवर गेले असते तर तोवर वर्ग संपून दार बंद झालेलं असतं. पण रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो. ही गोष्ट उमरग्याच्या बाजूला लहान पोराला ठाऊक आहे, आणि धाराशिवातल्या अव्वल कारकुनाला नाही. राहुकाळात कुणी पोरगी बघतं का? महांतप्पांनी फर्मान काढलं, चार वाजता बसायचं, साडेचारच्या आत उरकायचं.

रविवार उजाडला. चार वाजता महालिंगप्पा मागच्या खोलीत बनियनवर बसले होते, गुडघ्यांमधे उशी. पाचच्या कार्यक्रमाला दोन तास न उठता बसायचं तर आधी चांगला सराव झालेला बरा, असा हिशेबी विचार. पुढच्या खोलीत कमलबाई शिवानीला साडी नेसवत होत्या. वर्ग नुकताच भरत होता.

"अरे वा," राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, "आपले उमरग्याचे नवीन काका आले वाटतं. घेते हं आत."

पडद्यावर सातवा चौकोन उघडला. त्यात लांबलचक सोफा, त्यावर इस्त्रीच्या कपड्यांतली आणि इरकली साड्यांतली मिळून नऊ माणसं, मधोमध फेटा बांधलेले, कपाळाला विभूती लावलेले एक आजोबा, आणि त्यांच्या शेजारी, फोटोतल्यापेक्षा जरा घाबरलेला, नंदीश.

महालिंगप्पा खुर्चीत ताठ झाले. इतके दिवस मॅडम ज्याच्यासाठी जीव तोडून सांगत होत्या, ते 'धरा' त्या क्षणी पहिल्यांदा अगदी बरोबर जमलं.

"शरणु शरणार्थी, महालिंगप्पा!" महांतप्पांनी हात जोडले. "राहुकाळाच्या आत बसावं म्हणलं, म्हणून आमी जरा लवकरच आलाव. व्हय, ही सगळी तुमची भाऊबंद मंडळी का?"

लिंबाजींनी झाडाखालून हात जोडले. इंद्रजितांनी कांद्याच्या पोत्यांमधून जोडले. काळे चौकोन कण्हले.

नऊ जणांच्या नजरा मात्र मॅडमवर होत्या. "मामंजी, मुलगी फोटोपेक्षा वेगळी दिसती," सुनेनं कुजबुजून सांगितलं. "फोटूत कुनीबी वेगळंच दिसतंय," महांतप्पांनी कुजबुजून उत्तर दिलं. त्यांच्या घरात मोबाईल टीव्हीला जोडलेला होता, त्यामुळं कुजबूज टीव्हीवरून फिरून धाराशिवात ठणठणीत ऐकू आली. मॅडम तेवढ्यात लिंबाजींना म्हैस बाजूला घ्यायला सांगत होत्या, म्हणून त्यांच्या कानावर गेली नाही.

"काका, घरातले सगळे सोबत बसलेत, फार छान वाटलं," मॅडम वळून म्हणाल्या. "असा आधार सगळ्यांना मिळत नाही."

"आमच्यात सगळं मिळूनच असतंय बाई. लपवाछपवी न्हाय."

"उत्तम. मग सुरुवात करू या. सगळ्यांनी एकेक उशी घ्या."

नऊ जणांनी एकमेकांकडं बघितलं. मग महांतप्पांनी मान हलवली. गुरुजींनी कळवलंच होतं, साधनेशिवाय सुरुवात नाही म्हणून. आणि मुलगी एवढ्या धिटाईनं सांगते म्हणजे घराचं वळणच तसं असणार. घरभर धावाधाव झाली. उश्या आल्या, तक्के आले, एका काकूला काहीच मिळालं नाही म्हणून तिनं पाच किलो साखरेची पिशवी आणली.

"गुडघ्यांच्या मधे ठेवा. दाबा. आत ओढून धरा... दहा मोजा..."

"ओंदु, येरडु, मूरु," महांतप्पा कानडीत मोजायला लागले आणि मागून आख्खं खानदान.

महालिंगप्पांनी घाईघाईनं लाल बटण दाबायला म्हणून काहीतरी दाबलं. त्यांच्या चौकोनात पिवळा हात वर झाला.

"महालिंगप्पा काकांना काहीतरी विचारायचंय. बोला काका."

"न्हाय न्हाय. चालू द्या तुमचं," महालिंगप्पा म्हणाले. पुन्हा काहीतरी दाबलं, तर पडद्यावर टाळ्या वाजायला लागल्या.

"बरं, नवीन काका," मॅडमनी वही उघडली, "आता थोडी माहिती. रात्री लघवीला किती वेळा उठता?"

उमरग्यात साखरेची पिशवी खाली पडली. सुनेचा चेहरा पांढराफटक. नंदीश छताकडं बघायला लागला. पण महांतप्पा विचारात पडले. पोरगी परीक्षा बघतीय. समोर सिद्धपुरुष बसलाय, त्याला सगळं दिसतच असणार. इथं खोटं बोलून चालायचं नाही.

"चार येळा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कवा पाच."

"आणि धार कशी आहे?"

"धार कसली बाई. उभं राहून राहून पाय दुखत्यात."

"मामंजी! हे कवापासून?" सून उसळलीच.

"दीड वरीस झालं असंल."

"आन आमाला सांगितलं न्हाय?"

"सांगितलं की. प्रवास सोसत न्हाय म्हणलं. आता सुनेला ह्याच्याहून उघड कसं सांगायचं ग?"

मॅडम वही चाळत होत्या. "काका, तुमचं ऑपरेशन कधी झालं? इथं तारीख दिसत नाही. तुम्ही सिद्रामप्पा काकाच ना?"

"मी महांतप्पा. आन कसलं ऑपरेशन? मी दवाखान्याची पायरी चढलेलो न्हाय."

मॅडमचा चेहरा बदलला. "माफ करा हं, काहीतरी घोटाळा झालाय. हा खाजगी गट आहे. मी तुम्हाला बाहेर पाठवते, राग मानू नका." आणि त्यांचं बोट पडद्याकडं निघालं.

महालिंगप्पांना एकदम मोकळा श्वास आला. सुटलो! एकदा का ही मंडळी बाहेर पडली की संध्याकाळी फोन करून सांगता येईल, घरगुती योगवर्ग होता म्हणून. शब्द निघालाच नव्हता. सोयरीक शाबूत, लेंगा शाबूत. आणि त्याच श्वासाबरोबर त्यांना महांतप्पांचा चेहरा दिसला. दीड वर्ष. चार वेळा, कधी पाच. रात्री अंधारात भिंत धरून उभा राहणारा, सुनेला कळू नये म्हणून पाण्याचा आवाज न करणारा म्हातारा. महालिंगप्पा स्वतः वर्षभर तसेच उभे राहिले होते. फार वाईट वाटलं त्यांना.

"थांबा मॅडम," ते म्हणाले. "पाठवू नका त्यांना."

त्यांनी उशी घट्ट धरली.

"महांतप्पा, मी साधूबिधू काही न्हाय. मी ध्यान करत न्हाय, ध्यानात मला झोप येते. मला कॅन्सर झाला होता. प्रोस्टेटचा. तुमच्यासारखंच होत होतं आणि तुमच्यासारखंच मी वर्षभर लपवलं. आणखी लपवलं असतं तर आज इथं बसलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळे त्यातलेच. हर्निया खोटा. तुमच्यापासून लपवायचं होतं, पोरीचं ठरेपर्यंत. आता नको म्हणाला तर मला वाईट वाटंल. लई वाईट वाटंल. पण तुम्ही तपासून घ्या हो. एवढं ऐका."

"कॅन्सरच असेल असं नाही काका," मॅडम हळूच म्हणाल्या. "या वयात ती ग्रंथी नुसती वाढतेसुद्धा. पण तपासायला पाहिजे."

उमरग्यात नऊ माणसं उश्या धरून पुतळ्यासारखी बसलेली. महालिंगप्पांनी मान खाली घातली. गेलं स्थळ. आता शिवानीला काय सांगायचं?

आणि तेवढ्यात सोनारीहून लिंबाजींचा आवाज कडाडला. त्यांचं रेडकू दावं तोडून निघालं होतं, बायको त्याला धरायला धावली होती आणि मोबाईलचा आवाज चालूच होता.

"अगं धर की! आत वढून धर! आगं आगं आगं... सोडलंस कशाला? धा मोजायचं हुतं का तुला?"

पहिल्यांदा मॅडमच फुटल्या. मग नंदीश. मग सून, मग साखरेची पिशवीवाली काकू, मग कांद्याच्या पोत्यांमधून इंद्रजित. काळे चौकोन कण्हायचे ते खिदळायला लागले. आणि महालिंगप्पा? कॅलेंडर समोर होतं. त्यांनी बघितलंसुद्धा. पण आता राखायचं तरी काय उरलं होतं? ते हसले. पाच महिन्यांचं साठलेलं एकदम हसले. खुर्ची हलली, उशी उडाली, डोळ्यांतून पाणी आलं, शेजारच्या गल्लीत कुणाची तरी स्कूटर थांबली.

आणि मग ते एकदम गप्प झाले. त्यांचा चेहरा बघून सगळेच गप्प झाले. महालिंगप्पा सावकाश उठले. कॅमेऱ्याकडं पाठ केली. मागंपुढं चाचपून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. सहा चौकोनांतले श्वास अडकले होते.

"थेंब न्हाय!" महालिंगप्पा ओरडले. "मॅडम, एक थेंब न्हाय!"

"आरं कोरडा हाय! महालिंगप्पा कोरडा हाय!" इंद्रजितांनी तेलाचा डबा बडवायला सुरुवात केली. लिंबाजी झाडाखाली नाचले. उमरग्याच्या मंडळींनी मनापासून टाळ्या वाजवल्या, कारण एवढा आनंद बघून कोण गप्प बसेल?

पाच महिन्यांनी घरात तो आवाज ऐकू आल्यावर शिवानी अर्ध्या नेसलेल्या साडीचा बोंगा हातात धरून पळत आली आणि बापाच्या मागं उभी राहिली. केसांत कंगवा तसाच.

"आता ही कोन?" महांतप्पांनी विचारलं.

"ही माझी शिवानी."

"मंग ती?"

"त्या मॅडम. व्यायाम शिकवणाऱ्या."

"अय्यो! आमी तर तिला पसंत करून बसलाव की!"

"काका, माझं लग्न झालंय," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या.

महांतप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. डोक्यावरून हात फिरवला. सून त्यांच्या जवळ सरकून बसली होती आणि पहिल्यांदाच तिनं सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

"महालिंगप्पा," ते म्हणाले, "साधूच्या घरची लेक आणायला मला जरा भ्याव वाटत हुतं. आपल्या घरात काय खरंखोटं चालतंय ते त्याला दिसायचं. आता न्हाय वाटत भ्याव. राहुकाळाला धा मिनटं हायत. पोरीला बसवा. बघू द्या आमाला."

महालिंगप्पांनी खुर्ची लेकीला दिली आणि आपण बनियनवरच मागं उभे राहिले. शिवानी बसली, कंगवा काढून ठेवला आणि सरळ पडद्यात बघितलं.

"आजोबा, तुम्ही मला बघितलं, मी तुम्हाला बघितलं. पण आधी तुम्ही सोलापूरला येऊन तपासणी करून घ्यायची. बाकी सगळं त्याच्यानंतर. चालेल?"

"हौदु, हौदु," महांतप्पा म्हणाले. "मंगळवारी येतो बाई."

"मी घेऊन येतो त्यांना," नंदीश पहिल्यांदाच बोलला. मग घसा खाकरला. "तुम्ही... तुम्ही पण असाल का तिथं?"

"असेन की. अप्पांचीही तपासणी आहे मंगळवारी," शिवानी म्हणाली. "पण तिथं गर्दी असते. ओळखायला बरं पडावं म्हणून ती उशी तेवढी घेऊन या."

नंदीशनं खाली बघितलं. उशी अजून त्याच्या गुडघ्यांतच होती, आणि तीही घट्ट धरलेली.

महालिंगप्पा पुन्हा हसले, अगदी पूर्वीसारखे, भिंतीला हात टेकून, आणि या वेळी त्यांनी खाली वळून बघितलंसुद्धा नाही.